दगडातल्या माशाचे खवले

नदीकाठच्या जीवाश्मांवर पहारा करणाऱ्या काकांना माणसांची शिसारी होती. उगाच नव्हती. बावीस वर्षं त्यांनी माणसं पाहिली होती, आणि तीही सहलीला आलेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या खोडांवर बूड टेकून लोक चिप्स खायचे, शंखांच्या खाचांत च्युइंगम दाबायचे आणि जरा आडोसा दिसला की तिथेच मोकळे व्हायचे. एका गृहस्थाने तर किल्लीने दगडावर स्वतःचं नाव कोरता कोरता काकांनाच विचारलं होतं, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" काकांनी काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

त्यांचा खरा जीव होता एका माशावर. पाण्यापासून वीसेक पावलांवर, करड्या मऊ दगडात हातभर लांबीचा अख्खा मासा होता. काका रोज सकाळी बादलीभर पाणी, चिमूटभर साबणाची पूड आणि काथ्याचा ब्रश घेऊन त्याच्यापाशी बसत. आदल्या दिवशीचे बुटांचे डाग, थुंकी, सांडलेली सरबतं निघेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. बायको म्हणायची, "अहो, माशाची आंघोळ झाली असेल तर आता स्वतःचीही उरका." हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नव्हतं. खात्यातून वर्षाकाठी एक साहेब यायचा, तो गाडीतून खालीच उतरत नसे.

माशावर छप्पर घाला, भोवती जाळी लावा, असे अर्ज काकांनी अकरा वेळा केले होते. बाराव्या अर्जाला खात्याला जाग आली. शहरातून एक संशोधक बाई तपासणीला येणार होत्या. मासा जपण्याजोगा आहे असं त्यांनी लिहून दिलं की छप्पर मंजूर, नाहीतर फाईल कायमची बंद. त्या दिवशी काकांनी मासा दोनदा घासला.

बाई आल्या, गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. मग पिशवीतून त्यांनी एक फोटो काढून दगडाशेजारी धरला. काका नोकरीला लागायच्या आदल्या वर्षी काढलेला फोटो. त्यात माशाच्या अंगावर नखाएवढे खवले ओळीने बसलेले होते, एकेका खवल्यावर बारीक रेघा. दगडात मात्र नुसता माशाच्या आकाराचा गुळगुळीत उंचवटा उरला होता. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ते कधी कळलंच नव्हतं.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

काका तयारच होते. "लोकांनी, मॅडम! यांच्यापेक्षा जनावरं बरी. कुठे काय करतील नेम नाही."

बाईंनी दगडावरून बोट फिरवलं. "लोक ओरखडे काढतात, तुकडे पाडतात. हे तर सगळीकडून सारखं झिजलंय, काका. कुणीतरी रोज घासतंय."

काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आणखी चार शिव्या लोकांना हासडल्या असत्या तर निभावून गेलं असतं.

"मी," ते म्हणाले. "बावीस वर्षं."

"कशाने?"

"ब्रशने. साबण लावून."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या, फोटो पिशवीत ठेवला आणि निघताना एवढंच म्हणाल्या, "आता तरी हात लावू नका."

फाईल बंद झाली. काकांना स्वतःच्या हातांचीच किळस वाटू लागली. जेवताना घास तोंडाशी न्यायलाही नको वाटे.

पुढच्या रविवारी एक जोडपं आलं. नवऱ्याने चिखलाचा बूट सरळ माशावर ठेवला आणि हातातलं माहितीपत्रक वाचू लागला. एरवी काकांनी त्याची सात पिढ्यांपर्यंत हजेरी घेतली असती. आज ते हात पाठीमागे घेऊन उभे राहिले.

"यात लिहिलंय, माशाचे खवले स्पष्ट दिसतात," तो म्हणाला. "कुठायत खवले?"

"होते," काका म्हणाले. "मी घासून घासून काढले."

नवऱ्याने बूट खाली घेतला. बायकोने काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला लांब ओढलं.

"शी!" ती म्हणाली. "काय एकेक माणसं असतात!"