त्रैराशिकाची पानं

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. बायकांच्या डोक्यात गणित मावतच नाही. देवानं तिथं दुसरं सामान भरलंय."

शाळा समितीचे अध्यक्ष भर सभेत बोलले. रत्नागिरीतले मोठे वकील. हातात माझ्या वर्गातल्या मुलींचा निकाल. त्या वर्षी, तीस-एकतीस साल असेल, मुलगे आणि मुली दोघांना गणिताचा एकच पेपर दिला होता. चौथीतल्या बावीस मुलींपैकी चार पास. सभा हसली. दारात माझ्या मुली उभ्या होत्या.

मीही हसले. त्यांची शिक्षिका.

मग ठराव आला. चौथीपासून मुलींचं गणित बंद, त्या तासाला शिवण. मतं पुढच्या सोमवारी.

घरी येऊन मी कागद घेतला. मला कागदावर उतरवल्याशिवाय काही सुचत नाही. मुली नापास का झाल्या? पहिलं कारण अध्यक्षांचं लिहिलं: बुद्धीच कमी. राग आला म्हणून ते खोडलं नाही. दुसरं माझं: भातलावणीच्या दिवसांत मुली शाळेत नसतात. हेच खरं निघणार, अशी माझी खात्री होती.

हजेरीपट काढला. एकही दिवस न चुकवलेल्या सात मुली होत्या. त्यातल्या पाच नापास. माझं कारण तिथंच पडलं.

मग मुलग्यांच्या शाळेतून त्यांचे पेपर मागून आणले आणि गणितं एकेक करून जुळवली. बेरीज-गुणाकारात दोघं सारखे. अपूर्णांकात मुली जरा मागे, तेही लिहिलं. त्रैराशिकाची पाच गणितं मात्र मुलींच्या पेपरात कोरी. चुकलेली नाहीत, कोरी. मुलग्यांतही दोघांची कोरी होती. चौकशी केली. ते दोघे उशिरा दाखल झालेले, तो भाग होऊन गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "त्रैराशिकाला हात का लावला नाहीत?"

होडीवाल्या खारव्याची चंद्रा उभी राहिली. "बाई, तुमीच सांगितलात ना, ती पानां सोडा म्हणून? तुमाला कशाला हवीत, म्हणालात."

मी म्हणाले होते. कुणी सांगितलं नव्हतं मला. मीच ठरवलं होतं की यांना त्रैराशिक काय करायचंय. अध्यक्षांनी तोंडानं म्हटलं, मी वर्षभर करून दाखवलं. त्या मुलीच्या तोंडाकडे मला बघवेना.

सोमवारी मी दोन्ही शाळांचे पेपर सभेच्या टेबलावर मांडले. म्हणाले, "जे शिकवलंच नाही, ते मुलींना आलं नाही. शिकवलं नाही मी."

मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे बाईंनाच काढायला हवं."

"काढा. तास काढू नका. आणि साहेब, पाच गणितं शिकवल्याशिवाय त्यांची बुद्धी मोजू नका."

"आणि शिकवूनही नापास झाल्या तर?"

"तर तेही मी इथंच येऊन वाचून दाखवीन."

ठराव सहा महिने पुढे ढकलला. माझी पगारवाढ रोखली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ज्या मुली त्या वर्षी शाळा सोडून गेल्या, त्यांना ती पानं मी कधीच शिकवू शकले नाही. नऊ जणी. त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यानंतर माझ्या वर्गात पुस्तकातलं एकही पान सोडलेलं नाही. सोडणार नाही.