बाईंची लाल पेन्सिल
नात लाल पेन्सिलीले टोक काढते तेव्हा त्या लाकडाच्या वासानं मले आमची कोष्ट्यांची गल्ली आठवते. गल्लीत नळ नव्हता. नवीन आमदार पाहायले आल्या. आमच्याकडून निवडून आलेल्या त्या पहिल्याच बाई, अन् त्याआधी शाळेत शिकवायच्या. माझी बायको त्यांच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून नळाचा अर्ज तिनंच लिहिला होता. बाई माझ्या हातमागाजवळ बसल्या, पर्समधून लाल पेन्सिल काढली अन् अर्जातल्या चुकांवर गोल मारत सुटल्या. मी म्हटलं, "बाई, आमाले पाणी पायजे, पास नाही व्हायचं!" बाई हसल्या. "असा कागद साहेब परत पाठवतो. लिही गं पुन्हा." बायको तिथंच फतकल मारून लिहायले बसली. "काहून एवढी हळू लिहून राहिली वं?" मी विचारलं. "तुम्ही चूप बसा ना!" या खेपेले एकही गोल नाही. बाईंनी "शाबास!" म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली. उन्हाळ्याच्या आधी नळ आला, पण बायको गल्लीभर त्या थापेचंच सांगत फिरली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिले एकदाही शाबास म्हटलं नाही. आता तिच्या फोटोसमोर म्हणतो, तर नात हसते, "आबा, जोरानं म्हणा, आजीले कमी ऐकू येते!"