आखूड पायाच्या टेबलाची विद्यार्थिनी

आमच्या नातीला घरात सगळे खुडबुडी म्हणतात. पाचव्या वर्षी तिनं माझं घड्याळ उघडलं आणि वर मलाच म्हणाली, "आबा, आत वेळ नव्हतीच!" घड्याळ पुन्हा चाललं नाही, पण ते असो. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, एक सांगायला गेलो की तीन आठवतात.

तर खुडबुडी सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. सहा महिने कंपनीत इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी नाही, असा तिथला नियम. पोरीनं सतरा अर्ज केले. पंधरांनी उत्तरच दिलं नाही. एका कंपनीनं नकार कळवला, तोही भलत्याच मुलीच्या नावानं. उरली एक औषध कंपनी, जागा एकच. ती हुकली की वर्ष पाण्यात.

मुलाखतीला नऊ जण. बाकीचे आठ बड्या कॉलेजांतले, कडक इस्त्रीतले. एकानं हिला विचारलं, "तुमच्याकडे यंत्रं तरी असतात का गं?"

"असतात ना. तुझ्या बाबांच्या वयाची."

परीक्षक साहेबांनी काम सोपं दिलं. एक बंद कुपी नव्या वजनकाट्यावर ठेवायची आणि पडद्यावरचा आकडा लिहून द्यायचा. आठही जण चुटकीसरशी मोकळे. खुडबुडी शेवटची. ती कुपीला हातच लावेना, नुसती वाकून काट्याच्या मागे बघत बसली.

"अहो, आकडा पुढे येतो, मागे नाही," साहेब म्हणाले.

"सर, काटा तिरका बसलाय."

"कालच आलाय तो, कोरा करकरीत!"

"काटा कोरा असेल सर, पण टेबल सरळ नाही."

त्या काट्याच्या मागे काचेची इवलीशी खिडकी असते आणि तिच्यात एक बुडबुडा. तो मधोमध असेल तरच काटा सपाट. विद्यापीठातल्या टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून तिथली पोरं आधी बुडबुडा बघतात, मगच वजन करतात. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, तर बुडबुडा पार कडेला! हिनं काट्याखालचे स्क्रू फिरवून तो मधे आणला. आकडा बदलला. आठ जणांचा चुकला होता, आणि साहेबांनी सकाळी स्वतः लिहून ठेवलेलाही!

साहेबांनी आपला कागद ओढून त्यावरचा आकडा खोडला. मग म्हणाले, "बाहेर बसा."

पोरीला वाटलं, साहेबालाच चूक दाखवली, झालं आपलं कल्याण. अर्ध्या तासानं आत बोलावणं आलं.

"तुमच्या विद्यापीठात असे आणखी किती आहेत?"

"आमच्या वर्गात बावीस, सर."

"दोन जागा वाढवून घेतो. त्यातल्या दोघांना उद्या पाठवा. तुम्ही सोमवारपासून या."

तिचा फोन आला तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला फेस. तसाच उठलो.

"आजोबा, दुसरी बाजू राहिली!"

"राहू दे रे! नातीला नोकरी लागली!"

"इंटर्नशिप म्हणजे नोकरी नव्हे हो," न्हावी म्हणाला. माझ्याकडून त्यानं सगळं आधीच ऐकलं होतं.

"सहा महिन्यांनी बघ!"

पाचव्याच महिन्यात कंपनीनं तिला कायम केलं. त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन त्याच खुर्चीत बसलो, दाढी वाढलेली नसताना.