माग थांबल्यावर

फोन अक्कांचा होता. "अण्णा झोपेतच गेले," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता महिना होत आला. तरी दुपारी जरा डोळा लागला की मला मागाचा खटखटाट ऐकू येतो, आणि त्याच्या खालून, पाण्याखालून यावं तसं, गाणं...

नरसय्याअण्णा भवानी पेठेतले विणकर. पुढच्या खोलीत टॉवेल विणणारे, विजेवर चालणारे दोन माग. मी वैरागहून विशीत कामाला आलो आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. अण्णांनी आणि त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, येशूवर विश्वास ठेवला होता आणि गल्लीला ते खपलं नव्हतं. बोलणं बंद झालं, नात्यातली लग्नाची बोलावणी थांबली, पत्र्यावर दगड पडू लागले. म्हणून रविवारच्या प्रार्थनेला अण्णा दोन्ही माग चालू ठेवत. भिंतीला टेकून बसलेली थोडी माणसं त्या आवाजाखाली गात. शेजाऱ्यांना फक्त माग ऐकू जायचा. माग सांभाळायला कुणीतरी लागतं, असं मी घरी सांगायचो. खरं तर माझं मन त्या खोलीत रमलं होतं. उन्हाच्या तिरिपेत सुताची कुसं तरंगत असायची. सगळ्यांचे ओठ हलताना दिसायचे, माझेही हलायचे, शब्द मात्र कुणाचाच ऐकू यायचा नाही.

एका रविवारी वीज गेली. माग थांबले आणि गाणं एकदम उघडं पडलं. आम्ही सगळे थबकलो. अण्णा थांबले नाहीत. एकटेच, सावकाश, ते कडवं संपेपर्यंत गात राहिले. तोवर दारात माणसं जमली होती. एकानं माझा दंड धरला. "तू बी त्यातलाच का रं?"

"न्हाय," मी म्हणालो. "मी कामाला हाय हितं."

त्यानं दंड सोडला. मी गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. आत त्यांनी अण्णांना ढकलून पाडलं आणि जाता जाता मागावरचे सगळे उभे धागे ब्लेडनं कापून टाकले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर कपाळाला पट्टी बांधलेले अण्णा तुटल्या धाग्यांना गाठी मारत होते. "बस," म्हणाले, "तुझी बोटं बारीक हायत." मी बसलो. चार-पाच गाठी मारून झाल्यावर म्हणालो, "अण्णा, काल मी..."

"ऐकलं की. कामाला हाय म्हणालास. मग कर की काम." ते हसले. पुढची गाठ मारत म्हणाले, "राग लई येतोय रे. म्हणून एकेका गाठीला एकेकाचं नाव घेतोय देवापाशी. तुझं बी घेतलं."

पुढच्या रविवारी प्रार्थनेआधी अण्णांनी स्वतः खटका दाबून माग बंद केले. "आता झाकायचं काय राहिलं?" नंतरही दगड आले, शिव्या आल्या, त्यांचा रविवार चुकला नाही. मी मात्र दर रविवारी वैरागला जाऊ लागलो. आईची तब्येत, बहिणीचं लग्न... कारणं खोटी नव्हती, पण मी त्यांच्यासाठी जात नव्हतो. सोमवारी अक्का चहा द्यायच्या. अण्णांनी कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

परवाच्या रविवारी गेलो. माग केव्हाच भंगारात गेले होते, तेव्हाच माझं तिथलं कामही सुटलं होतं. त्या जागी सतरंजी अंथरली होती. दार सताड उघडं होतं. अक्का म्हणाल्या, "त्यांचं गाणं तू धर. तुला येतंय की." समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं बसून आमच्याकडेच बघत होते. मी तोंड उघडलं आणि दचकलो. ते गाणं मी आजवर मागाच्या आवाजाखालीच गायलो होतो. त्यातला माझा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. खरखरीत, सुरातून जरा सुटलेला... तो सरळ दारातून बाहेर गल्लीत गेला. ओट्यावरच्या एकानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी पुढचं कडवं धरलं.