साठ दिवसांची कचरापेटी

आमच्या मावशीला आम्ही भाचेमंडळी पाठीमागे कात्री म्हणायचो. इस्पितळाच्या चादरींच्या कोठारावर तिनं एकतीस वर्षं राज्य केलं. चादरीवर डाग राहिला तर ती धुणाऱ्यांशी वाद घालत बसायची नाही. सरळ कात्री लावून तुकडे फडक्यांच्या ढिगात फेकायची. माणसांनाही तिनं तोच न्याय लावला. दिरानं बदलीच्या वेळी शब्द टाकला नाही, दीर कापला. शेजारीण नव्या पडद्यांना हसली, शेजारीण कापली. कापली म्हणजे खरोखरच, अल्बममधून, कडेकडेनं, नीट. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये माणसांपेक्षा भोकं जास्त आहेत. एका फोटोत दिराबरोबर काकांचा अर्धा खांदाही गेला, पण त्या सज्जन माणसानं मरेपर्यंत त्याबद्दल ब्र काढला नाही.

पुढे मुलानं तिला टॅब आणून दिला आणि तिचं काम आणखी सोपं झालं. मुलगा-सून दुसऱ्या गावी राहायचे. मुलानं टॅब स्वतःच्याच खात्यावर चालू करून दिला होता. त्यामुळे तिघांच्याही फोटोंचा ऑनलाइन बॅकअप एकाच ठिकाणी साठायचा आणि एकानं पुसलेला फोटो तिघांकडूनही जायचा. मावशीला एवढंच ठाऊक होतं की बोट दाबलं की माणूस नाहीसा होतो.

माझ्या आईशी तिचं बिनसलं ते एका वाक्यावरून. आई बोलता बोलता मावशीच्या सुनेला सांगून बसली की ताई माझ्याहून दोन नव्हे, चांगली पाच वर्षांनी मोठी. मावशीनं डोक्यात राख घालून घेतली. त्याच दुपारी तिनं आईचे झाडून सगळे फोटो पुसले आणि फोन करून तसं कळवलंही. आई हसली. ताईचा राग आठ दिवसांचा, असं मला म्हणाली.

आठ दिवस व्हायच्या आतच आईला इस्पितळात ठेवावं लागलं. ताईला बोलाव, ताईला बोलाव, हे तिचं रोज चालायचं. मी चार वेळा फोन केला. तिसऱ्यांदा तर अक्षरशः हातापाया पडलो. चौथ्यांदा मावशी म्हणाली की इस्पितळातल्या चादरी मी आयुष्यभर पाहिल्यात, आता परत बघायची इच्छा नाही. नवव्या दिवशी आई गेली. तोवर ती दारात पाऊल वाजलं की मान वळवत होती, हे मी विसरणार नाही.

आईचा एक धड फोटो माझ्याकडे नव्हता. दोष माझाच. माझ्या फोनमध्ये ती तीनदा होती: एकदा पाठमोरी, एकदा डोळे मिटलेली, आणि एकदा माझ्या अंगठ्यामागे. घरात फोटो काढायचा मक्ता मावशीच्या टॅबकडे, म्हणून आम्ही कुणी त्या भानगडीत पडलो नव्हतो. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करायला नेला, तर फ्रेमवाला म्हणाला की यात नाक कुठं संपतं तेच कळत नाही. मला आईचा चेहरा हवा होता, बाकी काही नको होतं. डोळे मिटले तर मला इस्पितळातलाच चेहरा दिसायचा.

मग ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या बाईंनी सांगितलं की पुसलेले फोटो लगेच जात नाहीत. ऑनलाइन बॅकअपमध्ये एक कचरापेटी असते, तिथं ते साठ दिवस पडून राहतात, मग कायमचे जातात. मी बोटांवर दिवस मोजले. त्रेपन्न झाले होते. संध्याकाळी मावशीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

मावशी टेबलावर हातरुमालांच्या घड्या घालत होती. माझं बोलणं तिनं ऐकून घेतलं आणि टॅब पुढे सरकवला, पण एका अटीवर. आईचे फोटो मी माझ्या फोनवर घ्यायचे आणि तिच्या टॅबमधून पुन्हा पुसायचे. मी कबूल केलं. त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

कचरापेटी उघडली. प्रत्येक फोटोखाली उरलेले दिवस लिहिले होते. 'सात दिवस बाकी' असे दोनशे चौदा फोटो होते, आणि सगळ्यांत आई. मटार सोलताना, भांडताना, तोंडाला पदर लावून हसताना. बहुतेक फोटोंत शेजारी मावशी होती. मी सगळे निवडले, 'परत आणा' दाबलं, आणि एकेक करून माझ्या फोनवर घेतले.

पण पेटी रिकामी झाली नव्हती. खाली आणखी सहाशे फोटो होते, 'छप्पन्न दिवस बाकी'. म्हणजे कुणीतरी चारच दिवसांपूर्वी पुसलेले. सगळ्यांत मावशी. नातवाच्या वाढदिवसाचा केक कापतानाचे फोटो गेले होते, कारण मागे मावशी उभी होती. टॅबमध्ये उरले होते ते तिच्याशिवायचे. सहलीचेही तसेच. जागा करायला कुणी इतकं निवडून पुसत नाही.

सगळं आलं का, असं मावशीनं घडी घालता घालता विचारलं. मी म्हटलं, आईचे आले, पण कचऱ्यात अजून आहेत बरेच.

"कुणी टाकलेले?"

"तुझ्या मुलानं नाहीतर सुनेनं."

"मग नको असतील म्हणूनच टाकले असतील ना. काढून टाक. घाण साठवायची नसते."

मी तिला थांबवू शकलो असतो. दोन शब्दांचं काम होतं. मी पेटी कायमची रिकामी करायचं बटण पडद्यावर आणलं आणि टॅब तिच्यापुढे धरला. तिनं चष्माही लावला नाही. बोट अगदी ठामपणे टेकवलं.

"काय होतं एवढं त्यात?" तिनं विचारलं.

"तू होतीस, मावशी. सहाशे फोटो."

तिला आधी ते खरं वाटलं नाही. मग तिनं चष्मा शोधला, टॅब ओढून घेतला आणि फोटो सरकवत बसली. नातू, नातवाची सायकल, सून, मुलगा, पुन्हा नातू. स्वतःला शोधत ती पार मागे गेली, तेव्हा कुठं सापडली, नुकत्याच परत आलेल्या फोटोंत, माझ्या आईच्या खांद्यावर हात टाकून. त्या फोटोवरून तिचं बोट पुढे सरकेना. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"हे राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं.

मी टॅब तिच्या हातून घेतला, दोनशे चौदा फोटो निवडले आणि कबूल केल्याप्रमाणे पुसले. टॅब परत तिच्यापुढे, रुमालांच्या शेजारी ठेवला.

"साठ दिवस आहेत, मावशी," मी म्हटलं. "मुलाला सांग, तो परत आणून देईल."