ओल्या कापडाला हात

आमच्या घरात लहान मुलाला पहिला नियम शिकवत तो विस्तवाचा नव्हे, ओल्या तंबूचा. पाऊस पडत असताना तंबूत खुशाल बसावं, शेंगा खाव्यात, गाणी म्हणावीत, पण छताला आतून बोट लावू नये. सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी वरच्या वर घसरून जातं. आतून कुणी हात टेकवला की तेवढ्या जागी पाणी खाली उतरतं, आणि एकदा उतरायला लागलं की कापड वाळेपर्यंत थांबत नाही. हे मला चौथ्या वर्षी पाठ होतं. तेविसाव्या वर्षी मी ते माहीत नसल्याचं सोंग घेतलं.

बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं तंबू-ताडपत्रीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे शिवणकाम, वर आम्ही. आमचे पूर्वज म्हणे मराठ्यांच्या फौजेबरोबर तंबू शिवत शिवत इकडे आले आणि फौज परत गेली तरी इथेच राहिले. खरंखोटं देव जाणे, पण घरात ही गोष्ट फार ऐटीत सांगितली जायची. वडिलांना मी अण्णा म्हणायची. कापणं आणि शिवणं त्यांचं. त्यांच्या थोरल्या बहिणीला ते अक्का म्हणत, म्हणून सगळं घर, मीसुद्धा, अक्काच म्हणे. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली ती कायमची. शिवणींना मेण लावायचं काम तिचं. मेण, तुरटी, जवसाचं तेल, आणि एक काळंठिक्कर पातेलं. किती घालायचं असं विचारलं तर म्हणायची, "हे स्वल्प, ते स्वल्प." त्या स्वल्पातच तिची सगळी विद्या होती. इतर कुणाचं काम अण्णा दोनदा तपासत, अक्काने हात फिरवलेली शिवण कधी तपासत नसत. तिच्या हातांना जेवतानासुद्धा मेणाचा वास यायचा, आणि त्या वासाचा तिला अभिमान होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. आमच्या टीममध्ये निम्मे पुण्या-मुंबईचे. मराठी माणसं भेटली म्हणून मी आनंदाने बोलायला गेले, तर माझ्या "अक्का वाट बघत बसलीय की" वर सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे. "कसलं क्यूट मराठी आहे तुझं," असं म्हणाले. पण मला ते झोंबलं. दोन महिन्यांत मी पुण्याचं मराठी असं उचललं की घरी कधी चुकून बोलले तर अक्का विचारायची, "कुणाशी बोलतीस?" घर कुठे म्हटलं की मी "कँटोन्मेंट" सांगायची. वडील काय करतात म्हटलं की "टेक्स्टाइल एक्सपोर्ट." अण्णांचा माल तोवर फार तर तासाभरावरच्या होसूरपर्यंत गेला होता.

शेजारच्या टेबलावर पुण्याची एक मुलगी बसायची. तिच्याशी माझी गट्टी जमली. मनाने मोठी होती. मला देवनागरी हिंदीमुळे येत होती, पण मराठी पुस्तकं वाचायची सवय तिने लावली. घरून येताना ती पिशवी भरून दिवाळी अंक आणायची आणि परत मागायची नाही. तिला मी आवडत होते. मी म्हणजे एक्सपोर्टवाल्याची मुलगी.

त्याच सुमाराला अण्णांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं. कारवारच्या पुढे, जंगल थेट समुद्राला भिडतं तिथे, एका माणसाने श्रीमंत पाहुण्यांसाठी तंबूंचा कॅम्प काढला होता. आधी सहा तंबू नेले. पावसात टिकले तर आणखी तीस. अण्णा दिवसभर शीळ घालत होते. अक्का म्हणाली, "समुद्राचा पाऊस आडवा येतो, शिवणीला दोन हात जास्त मारते," आणि खरोखरच तिने मारले.

मग ऑफिसने सहल जाहीर केली. तीन दिवस, कारवारकडे, तंबूत. मी घरी सांगितलं तेव्हा अण्णांनी कात्री खाली ठेवली.

"आपले तंबू तिकडंच गेलेत. दिसले तर बघून ये की. दोऱ्या ताणून बांधल्यात का, तेवढं बघ."

"कारवार काय चिकपेटचा बाजार आहे का अण्णा, दिसायला?" मी म्हणाले.

आणि दिसले. बस थांबली, आम्ही सुरूच्या झाडांमधून खाली उतरलो, तर पुढ्यात ओळीने सहा. लाकडी चौथऱ्यांवर उभे, दाराशी पितळी कंदील, आत गालिचे, पांढऱ्याशुभ्र चादरींचे पलंग, मागे गरम पाण्याची न्हाणी. मागे दाट जंगल आणि समोर निळा समुद्र. कोकम सरबताचे पेले घेऊन माणसं उभी होती. सगळे "काय सॉलिड आहे" म्हणत होते आणि मी तंबूच्या कोपऱ्यातली चामड्याची ठिगळं बघत होते. ती मीच लहानपणी मोजून द्यायची. दाराचा पडदा बाजूला केला आणि मेणाचा वास आला. क्षणभर वाटलं अक्काच आत बसलीय.

तेव्हाच सांगायला हवं होतं. "हे माझ्या वडिलांनी शिवलेत" एवढंच. सगळ्यांनी कौतुकच केलं असतं. पण मग एक्सपोर्टचं काय, कँटोन्मेंटचं काय, आणि शिवाजीनगरच्या गल्लीत मशीनवर वाकलेल्या माणसाचं काय? मी मूग गिळून सरबत प्यायले. दोऱ्या मात्र बघितल्या. छान ताणलेल्या होत्या.

कॅम्पच्या मॅनेजरने आल्या आल्या चार सूचना दिल्या. त्यातली एक ओल्या कापडाची होती. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि पाऊस आला, आडवाच, अक्का म्हणाली होती तसा. आम्ही चौघी मुली एका तंबूत पलंगांवर लोळत होतो. थेंब आत येत नव्हता. मला आतून इतकं बरं वाटत होतं की हसू दाबावं लागत होतं. तेवढ्यात माझी मैत्रीण पलंगावर उभी राहिली आणि तिने उतरत्या छताला तळवा लावला.

"अगं, किती गार आहे. लावून बघ."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. नको लावू, गळेल. पण पाठोपाठ प्रश्न येणार होता, तुला कसं माहीत? त्या एका प्रश्नाला मी घाबरले. तिने माझा हात धरून वर ओढला आणि मी तो लावला. चांगला पाचही बोटं पसरून. मग उरलेल्या दोघींनीही लावले. आम्ही खिदळत होतो. मीसुद्धा.

पाच मिनिटांत पाणी ठिबकू लागलं, मग धारच लागली. चादरी भिजल्या, गालिचा भिजला, एकीची बॅग भिजली. मॅनेजर धावत आला. भला माणूस होता, आवाज चढवला नाही. हिंदीत म्हणाला, "तंबूवाल्याने बजावून सांगितलंय, आतून हात लागला तरच गळेल, एरवी नाही. कुणाचा हात लागला होता का? उद्या मालक येणार आहेत, मला खरं सांगावं लागेल."

मैत्रिणीचा चेहरा उतरला. ती बोलणार होती, मला अजून तिचे उघडलेले ओठ दिसतात. तिच्या आधी मी बोलले. "नहीं. किसी ने नहीं लगाया."

का बोलले? तिला वाचवायला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. हो म्हटलं असतं तर विषय कापडावर गेला असता, तंबूवाल्यावर गेला असता, आणि माझा चेहरा मला सांभाळता आला नसता. मी स्वतःची कातडी वाचवली. मॅनेजरने छताकडे पाहिलं, मान हलवली आणि आम्हाला दुसऱ्या तंबूत हलवलं. मैत्रिणीने माझा हात दाबला. "वाचवलंस यार." त्या दिवसापासून आमची मैत्री आणखी पक्की झाली, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

घरी आले तेव्हा अण्णा दुकानाच्या पायरीवरच होते.

"दिसले काय?"

"नाही," मी म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

तीन-चार दिवसांनी फोन आला. मी रजेवर होते, शेजारी उभी होते. अण्णा बराच वेळ कन्नडमध्ये नुसते "सरी, सरी", ठीक आहे, ठीक आहे, म्हणत होते. मग त्यांनी एकदाच विचारलं, "हात लावला असेल कुणीतरी?" आणि पलीकडचं ऐकून घेतलं. फोन ठेवून अक्काला म्हणाले, "एक तंबू गळला. बाकीचं काम नको म्हणतात. गळलेला परत पाठवतायत."

"हात लागला असेल की," अक्का म्हणाली.

"विचारलं त्यांनी. कुठल्याशा कंपनीच्या शिकलेल्या पोरी होत्या म्हणे. त्या कशाला खोटं बोलतील?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तंबू दिसले नाहीत असं सांगितलं होतं, आणि माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. मग त्यांची नजर हळूहळू मेणाच्या पातेल्याकडे गेली. अक्काने ती पाहिली. मीही पाहिली. तेव्हाही मी बोलले नाही.

तंबू परत आला. शहराबाहेर येलहंकाजवळ अण्णांच्या ओळखीच्या माणसाची मोकळी जमीन होती, बोअरवेल होती. रविवारी सकाळी तिथे तो उभा केला. अण्णा स्टुलावर चढून पाइपने वरून पाणी सोडत राहिले. अक्का आत खुर्ची टाकून बसली, मान वर करून. मला तिने सोबतीला बोलावलं, "तुझे डोळे बरे आहेत. थेंब दिसला तर सांग."

अर्धा तास गेला. तासभर गेला. छत गडद झालं होतं, पण कोरडंच होतं. बाहेरून अण्णांचा आवाज आला, "काय झालं?"

"काही नाही," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. गळला असता तर निदान चूक कुठे ते कळलं असतं.

छत माझ्या डोक्यापासून हातभर वर होतं. एक बोट टेकवलं असतं तर सगळं उघड झालं असतं. पाणी पडलं असतं, अण्णा आत आले असते, मी सांगितलं असतं. ते ओरडले असते, कदाचित त्यांनी मारलंही असतं. मी हात उचलला, खांद्यापर्यंत आणला.

"हात लावू नको गं," अक्का म्हणाली, अगदी मी चार वर्षांची असताना म्हणायची तशीच. "तुझ्याच डोक्यावर पडेल."

मी हात खाली घेतला.

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "माझंच मेण कमी पडलं असेल तिथं. हात थकला आता." पुढच्या आठवड्यात अण्णांनी मेणाला बाहेरून एक कारागीर बोलावला. अक्काने पातेलं घासूनपुसून स्वतः त्याच्या हातात दिलं. ती तांदूळ निवडत, फुलं ओवत वर बसू लागली. काही महिन्यांनी जेवताना माझ्या लक्षात आलं की तिच्या हातांना कसलाच वास येत नाही.

अक्का चार वर्षांनी गेली. मी तिला सांगितलं नाही. रोज सांगणार होते.

दुकान बंद झालं, अण्णा आता जयनगरला माझ्याजवळ असतात. पाऊस आला की खिडकीत बसतात आणि अधूनमधून म्हणतात, "त्या तंबूचं मला अजून कळलं नाही बघ. अक्काचं मेण चुकणारं नव्हतं." मी चहा आणून देते.

आज हे सगळं लिहून काढलं. कागद दिवसभर जेवणाच्या टेबलावर उघडा पडलाय आणि अण्णा समोरच पेपर वाचत बसलेत. कन्नड पेपर. ते कन्नड शाळेत शिकले. मराठी बोलतात, पण ही अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, आणि हे लिहायला बसले तेव्हा मला ते ठाऊक होतं.