सातवी सही

युनियन काढली की कागद वाढतात, असं ऐकलेलं. आमच्याकडे किस्से वाढले. चहाला चौघं जमलो की एक तरी निघतोच.

आमचं काम ठाण्यात, एका संस्थेच्या डिजिटल संग्रहात. जुनी हस्तलिखितं स्कॅन करायची, वाचायची, वेबसाइटवर चढवायची. आम्ही सहा संशोधक, सगळे अकरा महिन्यांच्या करारावर. वैशाली गरोदर होती; सातवा महिना लागला आणि तिचा करार वाढणार नाही असं कळलं. पहिली बैठक तिच्याच ठाकुर्लीच्या घरी झाली.

तासभर एकच वाद: आपण पीएचडीवाले, स्वतःला कामगार म्हणायचं का? वैशालीचे सासरे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले. पेपर वाचता वाचता त्यांनी विचारलं, "तुमची रजा कोण मंजूर करतं?"

"डायरेक्टर."

"मग झालं की," म्हणाले आणि परत पेपरात शिरले.

*

नोंदणीला सात जण लागतात. सातवा शोधत आम्ही शेजारच्या कॉलेजातही जाऊन आलो. स्कॅनर चालवणारे म्हात्रे रोज आमच्याच खोलीत बसायचे. शेवटी मी त्यांच्याकडे फॉर्म घेऊन गेलो.

त्यांनी सही केली, पेन परत दिलं. "सहा होतात तवा मी दिसलो नाय. सात लागले, तवा दिसलो."

पुढच्या बैठकीत आम्ही त्यांनाच अध्यक्ष केलं.

*

नोंदणी कचेरीतल्या क्लार्कला मी 'डिजिटल मानव्यविद्या' पाच मिनिटं समजावली. त्याने जांभई दिली. वैशालीने मला बाजूला सारून सांगितलं, आम्ही मोडी वाचतो. पुढच्या खेपेला तो आजोबांचं मोडीतलं पत्र घेऊनच बसलेला. तिने उभ्या उभ्या वाचून दाखवलं.

"हे माणसं वाचतात होय? मला वाटलं कम्प्युटर वाचतो," असं म्हणून त्याने शिक्का उचलला.

*

डायरेक्टर म्हणाले, युनियन कशाला, आपण एक कुटुंब आहोत.

म्हात्रे म्हणाले, "सर, कुटुंबात पोटुशीला भाईर काढत नाय."

आठवड्याभरात वैशालीचा करार वाढला, रजेसकट. मुलगी झाली, तेव्हा ऑफिसात पेढे डायरेक्टरांनीच वाटले.

*

आणि हा मागच्या महिन्यातला. वैशाली रजेवरून परतलेली. मिठागरातल्या मजुरांनी पिण्याच्या पाण्यासाठी केलेला एक जुना अर्ज हाती आला. अक्षर एका कारकुनाचं, खाली बावीस अंगठे, प्रत्येकाशेजारी नाव. नोंदीत 'कर्ता' या रकान्यात वैशालीने नियमाप्रमाणे कारकुनाचं नाव भरलं.

म्हात्र्यांचे आजोबा मिठागरात राबलेले. म्हात्रे स्कॅनर बंद करून तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"पानी कोनी मागितलं?"

वैशालीने कारकुनाचं नाव पुसलं आणि अंगठ्यांशेजारचं पहिलं नाव वाचून तिथे भरलं. म्हात्र्यांनी ते मोठ्याने म्हटलं. मग दुसरं. जेवणाची सुट्टी झाली. कोणी उठलं नाही.